शब्द वहीत, चाल मुखात

सिन्नरचे नाव काढले की अभ्यासू माणसाला गोंदेश्वराचे देऊळ आठवते आणि व्यवहारी माणसाला विडी. यादवांनी देवगिरीला आपले बस्तान हलवण्यापूर्वी त्यांची राजधानी इथे होती, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पाच देवळांचे ते पंचायतन पाहायला लांबून लोक येतात, फोटो काढतात आणि शिर्डीची वाट धरतात. त्याच शिर्डीच्या वाटेवर वावी नावाचे गाव लागते. तिथे मात्र शाहिराची आठवण काढून गाडी थांबवणारा विरळाच. पेशवाईच्या उत्तरकाळी जे मोजके मोठे शाहीर झाले त्यांतला परशराम हा याच गावचा. काही पुस्तकांत हे नाव 'बावी' असे छापलेले दिसते. व आणि ब यांत एवढीशी रेघ, तेवढ्यात गाव बदलून जाते!

दगडाचे देऊळ आठशे वर्षे उभे राहते. गाणे मात्र माणसाच्या गळ्यात राहते, आणि गळा काही आठशे वर्षे टिकत नाही. या तालुक्याने दोन मोठे शाहीर दिले. पहिला हा परशराम. दुसरे देशवंडीचे वामनदादा कर्डक. सांगायचे आहे ते मुख्यतः वामनदादांविषयी, कारण गेली काही वर्षे मी त्यांची गाणी पेटीवर बसवण्याच्या नादी लागलो आहे. पण थोरल्याला ओलांडून धाकट्याकडे जाणे आपल्या रीतीत बसत नाही, म्हणून आधी परशराम.

परशरामाचा काळ अभ्यासक १७५४ ते १८४४ असा देतात. जातीने शिंपी. म्हणजे नामदेवांच्या कुळीतला, आणि त्यांच्याप्रमाणेच विठ्ठलाचा भक्त. त्याचे समकालीन शाहीर पाहा. रामजोशी सोलापूरचा, कीर्तनाची बैठक असलेला. होनाजी पुण्याचा गवळी. सगनभाऊ हत्यारांना धार लावणारा शिकलगार. अनंत फंदी तर आमच्या शेजारच्या संगमनेरचा. कुणी सुईदोरा, कुणी दूधदुभते, कुणी धार. पोटाचा धंदा निराळा आणि गाणे निराळे, ही शाहिरांची जुनीच तऱ्हा आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा परशराम चौसष्ट वर्षांचा होता, आणि त्यापुढे तो सव्वीस वर्षे जगला. पुण्याच्या दरबारावर ज्यांची नजर होती त्यांचा आश्रय त्या दिवशी तुटला. गावातल्या शिंप्याचे गिऱ्हाईक पेशवाईतही तेच होते आणि कंपनी सरकारातही तेच.

त्याच्या लावण्या छापल्या गेल्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या शाहिरांच्या रचना धुंडाळून बाहेर काढल्या, हे त्यांचे आपल्यावर फार मोठे ऋण आहे. अॅक्वर्थ साहेबाबरोबर त्यांनी केलेला पोवाड्यांचा संग्रह १८९१ चा आहे. पण या संग्रहांतून आपल्या हाती आले ते शब्द. परशरामाच्या तुणतुण्याची तार कोणत्या स्वरात लागत होती, झील कुठे उचलली जात होती, कडव्याच्या शेवटी ढोलकी कशी पडत होती, हे कागदावर उतरलेले नाही. रामजोशी आणि होनाजी यांना शांतारामबापूंच्या कंपनीने पडद्यावर आणले, १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आणि १९५१ साली 'अमर भूपाळी'. वसंत देसाईंनी दिलेल्या चालींवर आज आपण होनाजीला ओळखतो. परशरामाच्या वाट्याला सिनेमा आला नाही, आणि चालही राहिली नाही.

आता देशवंडीकडे वळू. परशराम गेल्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, १५ ऑगस्ट १९२२ रोजी, या लहानशा गावात ताबाजी आणि सईबाई कर्डक यांच्या पोटी वामनदादांचा जन्म झाला. घर महारवाड्यातले. सिन्नर तालुका हा अवर्षणाचा. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचीही दोन वेळची चूल पेटेल याची खात्री नाही, मग ज्याला गावकुसाबाहेर बसवले त्याची गोष्ट विचारायलाच नको.

वामनदादांचे गाणे समजून घ्यायचे तर त्यांच्या लहानपणी या जिल्ह्यात काय चालले होते ते पाहिले पाहिजे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा हा पोरगा सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली, ती येवल्याला. येवला म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. तेव्हा हा तेरा वर्षांचा. आणि या सगळ्या धामधुमीत नाशिक जिल्ह्यातूनच आंबेडकरी जलसे निघाले. त्यांचे एक अध्वर्यू भीमराव कर्डक हे निफाड तालुक्यातले. आडनावही कर्डकच! महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातून निघालेल्या जलशाला तमाशाचाच बाज होता. गण तोच, बतावणी तीच, फक्त गणपतीच्या जागी नवा गण आणि गवळणीच्या जागी नवे प्रश्न. जलशाच्या एका गाण्याची बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांशी बरोबरी केली होती, असे सांगतात. ज्या समाजात वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, तिथे वर्तमानपत्राचे काम गाण्यालाच करावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

वामनदादा मुंबईला आले ते पोटासाठी. गिरणी, हमाली, रस्त्यावर काहीबाही विकणे, जे मिळेल ते केले. चाळीत राहिले. आणि शाळा? शाळा नव्हतीच. एकदा कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणून पुढे केले आणि यांना ते वाचता येईना. त्या गोष्टीने माणूस हलला. मग ओळखीच्या एका मास्तरांकडून बाराखडी शिकून घेतली आणि दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्के केले. मुंबईच्या रस्त्यांनी पुष्कळांना पुष्कळ काही शिकवले आहे, पण एका कवीला अक्षरओळख करून दिली हे मला त्या शहराचे मोठेच पुण्य वाटते.

१९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. ते होते एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर केलेले विडंबन. इथून जो झरा फुटला तो साठ वर्षे आटला नाही. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात. नेमकी मोजदाद कोण करणार? जो माणूस गावाला जाताना गाडीत गाणे करतो, रात्री ते म्हणतो आणि सकाळी दुसऱ्या गावाला निघून जातो, त्याची वही अनेकांच्या घरी राहते.

त्यांचा पहिला संग्रह 'वाटचाल' १९७३ साली निघाला. मग 'मोहळ' आणि 'हे गीत वामनाचे' असे दोन संग्रह १९७६ आणि १९७७ मध्ये. म्हणजे पहिले गाणे आणि पहिले पुस्तक यांच्यात तीस वर्षे गेली. आपल्याकडे कवी आधी मासिकात येतो, मग पुस्तकात, आणि नशीब असेल तर कुणी त्याला चाल लावते. इथे सगळे उलटे. आधी गळा, मग दुसऱ्याचा गळा, मग शंभरांचे गळे, आणि शेवटी छापखाना. ही उलटी वाट लक्षात ठेवली नाही तर त्यांच्या गाण्यांना हात घालण्यात अर्थ नाही.

मी पेटी शिकलो भजनी मंडळात. शाळेत मराठी शिकवायची आणि गुरुवारी संध्याकाळी देवळात भाता हलवायचा, असा माझा अनेक वर्षांचा क्रम होता. नोकरी संपल्यावर वामनदादांचे एक पुस्तक समोर ठेवून पेटी उघडली. शब्द तर सोपे, लख्ख, बोलण्यातले. पण ओळ पेटीवर बसेना. मात्रा मोजाव्यात तर कुठे दोन जास्त, कुठे एक कमी. मग तालुक्यातल्याच एका गावी, जुन्या गायन पार्टीत चाळीस वर्षे ढोलकी वाजवलेले एक बाबा राहतात असे कळले, त्यांच्याकडे गेलो. मी पुस्तक उघडून पहिली ओळ दाखवली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही.

"मास्तर, आधी ते पुस्तक मिटा," ते म्हणाले. "दादा गाताना पुस्तकात बघून गात व्हते का?"

मग त्यांनी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला आणि खालच्या पट्टीत ओळ म्हटली. मला जिथे दोन मात्रा जास्त दिसत होत्या तिथे त्यांनी शब्द गिळला नाही, घाई केली नाही. ओळ ठेक्याच्या आधीच उचलली, आणि महत्त्वाचा शब्द नेमका समेवर आणून आदळला. जिथे एक मात्रा कमी होती तिथे शेवटचे अक्षर लांबले आणि त्या लांबलेल्या अक्षरावर झीलकऱ्याला शिरायला जागा मिळाली. "आता कळलं? ही जागा झिलीची. हितं गाणाऱ्यानं दम घ्यायचा, पुस्तकवाल्यानं न्हाई."

चाळीस वर्षे कविता शिकवलेल्या माणसाला एका वाक्यात वृत्तशास्त्राचा धडा मिळाला, आणि तो फुकट! छापील ओळ ही त्या गाण्याची सावली आहे. गाणारा, झीलकरी, पेटीवाला आणि ढोलकीवाला या चौघांत ती ओळ वाटलेली असते. ध्रुपद असे ठेवायचे की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या खेपेला म्हणता यावे. कडव्यात कथा किंवा मुद्दा पुढे सरकवायचा, आणि तिसऱ्या ओळीत आवाज वर नेऊन चौथीत ध्रुपदाच्या दारात आणून सोडायचा. ऐकणारे दार उघडतातच.

पट्टीचीही एक मौज आहे. भजनात आम्ही काळी एक, फार तर काळी दोनमध्ये सुखाने गातो. बाबांनी मला पेटी काळी चारवर लावायला सांगितली. मी म्हणालो, बाबा, माझा गळा फाटेल. ते हसले. ध्वनिक्षेपक नसताना मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावे म्हणून शाहीर वरच्या पट्टीत गात, हे पुस्तकात वाचले होते. काळी चारवर दोन कडवी गाऊन पाहिल्यावर ते गळ्याला कळले. परशरामही वावीच्या चावडीपुढे असाच वर चढून गात असेल काय, असे तेव्हा मनात आले.

आता चालीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळी गोम तिथे आहे. जुन्या गीतपुस्तिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेली ओळ आठवेल, 'चाल : अमुक'. संगीत नाटकांच्या पुस्तकांतही हीच पद्धत होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांच्या पदांच्या चाली कुठून आल्या? साक्या, दिंड्या, लावण्या, कानडी पदे, जिथून मिळाल्या तिथून. त्याबद्दल त्यांना कुणी चोर म्हटले नाही. वामनदादांनी लोकगीतांच्या आणि सिनेगीतांच्या चाली घेतल्या तर मात्र काही पंडितांनी नाके मुरडली. मला हा न्याय समजत नाही. चाल ही त्यांच्या दृष्टीने बैलगाडी होती. गावात जी गाडी आधीच फिरत होती तिच्यात त्यांनी आपला माल भरला. नवी गाडी घडवीत बसले असते तर माल पोचायला आणखी एक पिढी लागली असती. आणि नुसत्या उसन्या चालींवर दहा हजार गाणी होत नाहीत. स्वतःच्या चालीही त्यांनी पुष्कळ बांधल्या.

पण या पद्धतीत एक धोका आहे, आणि तोच आज आपल्यापुढे उभा आहे. 'चाल : अमुक' या ओळीचा उपयोग ते अमुक गाणे ठाऊक असेल तोवरच. मूळ सिनेमा विस्मृतीत गेला, मूळ लोकगीत म्हणणारी आजी गेली, की ती ओळ म्हणजे कुलूप हरवलेली किल्ली. काही गाण्यांच्या बाबतीत बाबांना चाल आठवते पण ती कशाची हे आठवत नाही. काही ठिकाणी मला मूळ गाणे सापडते, पण बाबा मान हलवतात: "ही न्हाई. दादांनी हिला वळण दिलं व्हतं." ते वळण कुठे लिहिलेले आहे? कुठेच नाही. म्हणून आम्ही दोघांनी रीत ठरवली आहे. ते गातात, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो, घरी येऊन सा रे ग म लिहितो, आणि पुढच्या खेपेला वाजवून दाखवतो. त्यांनी मान डोलावली तर पक्के. आजवर तेवीस गाणी पक्की झाली आहेत. दहा हजारांपुढे तेवीस हा आकडा सांगताना मला हसू येते, पण बाबांचे वय पाहता तो फार लहानही वाटत नाही.

सिनेमाशीही वामनदादांचा संबंध आला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात त्याने कित्येक महिने गर्दी खेचली. जयश्री गडकर, हंसा वाडकर, वसंत पवारांचे संगीत आणि माडगूळकरांची लावणी यांचे कौतुक घरोघर झाले. त्याच चित्रपटात वामनदादांचेही एक गाणे आहे, तेही चांगले खट्याळ, प्रेमिकाच्या तोंडचे. ज्यांना वामनदादा म्हणजे फक्त सभेतले शाहीर वाटतात त्यांनी ते मुद्दाम ऐकावे. हाच माणूस त्या वाटेने गेला असता तर कदाचित मुंबईत चार खोल्यांचे घर झाले असते. तो गेला नाही.

तो गेला कुठे? तर एस.टी.त बसून गावोगाव. १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर या तारखा आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेले महिनेच्या महिने. बिदागी कधी मिळे, कधी नुसतेच जेवण. घरची कहाणी तर सुखाची नव्हतीच. पहिला संसार मोडला, पोटची मुलगी गेली. पुढे शांताबाईंनी साथ दिली. या दुःखाबद्दल ते आपल्या आत्मकथनात बोलले आहेत. ते 'माझ्या जीवनाचं गाणं' १९९६ साली निघाले. सभेतल्या गाण्यात मात्र स्वतःचे रडगाणे क्वचितच. १९५६ साली बाबासाहेब गेले तेव्हा वामनदादा चौतीस वर्षांचे होते. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक, ज्यांनी बाबासाहेबांना पाहिले नव्हते अशा दोन पिढ्यांना ते गाण्यातून भेटवण्याचे काम त्यांनी केले. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. बाराखडी पाट्यांवरून शिकलेल्या माणसाला साहित्य संमेलनाचा मंडप! १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मुशीतून तयार झालेले गायक-कवी महाराष्ट्रभर पसरले. प्रतापसिंग बोदडे यांच्यासारखे शिष्य स्वतःच नामवंत झाले. प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजामुळे त्यांची गाणी ज्यांनी कधी सभा पाहिली नाही अशांच्याही कानी गेली. परशरामाच्या मानाने वामनदादांचे नशीब म्हणूनच चांगले. त्यांचा आवाजही काही प्रमाणात मुद्रित झालेला आहे. पण मुद्रित झालेली गाणी किती आणि गायलेली किती!

आमच्या बाबांकडे एक जुनी वही आहे. पाठकोरे कागद शिवून केलेली, कडा कुरतडलेल्या. गाणी निरनिराळ्या हस्ताक्षरांत, कारण पार्टीत ज्याला लिहिता येई तो उतरून घेई. काही गाण्यांपुढे चालीची ओळ आहे, काहींपुढे नुसतेच 'तीच' असे लिहिले आहे. तीच म्हणजे कोणती, ते लिहिणाऱ्याला ठाऊक होते. मागल्या खेपेला अशा एका 'तीच'पाशी आम्ही अडलो. बाबांनी डोळे मिटले, गुडघ्यावर ठेका धरला, दोनदा सोडला, तिसऱ्यांदा धरला. आत स्वयंपाकघरात त्यांची सून भाकरी थापत होती. तिने आतूनच ध्रुपद उचलले. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूकडून ऐकलेले. बाबांनी डोळे न उघडता मला खुणेनेच सांगितले, लिहून घ्या.